हजारावरून शंभरावर: टॉवरवरच्या इथरनेटचा स्पीड मधूनच का पडतो

संध्याकाळचे साडेसात वाजले की फोन सुरू व्हायचे. "ओ दादा, नेट नुसतं गोल फिरालंय बघा." फोन एकाच घरातून नाही, त्या टॉवरवर जोडलेल्या सगळ्या वाड्यांमधून. टॉवरवरच्या रेडिओचं, म्हणजे वायरलेस लिंक देणाऱ्या उपकरणाचं, पान उघडून बघावं तर सिग्नल उणे ५८, नॉइज बेताचा, वायरलेसचे दर चांगले. कुठेच काही दुखणं नाही. आणि त्याच पानावर खाली, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, लॅनपुढे, म्हणजे रेडिओच्या इथरनेट केबलच्या पोर्टपुढे, आकडा दिसायचा १०० एमबीपीएस. असायला हवा होता १०००.

रेडिओ रीबूट केला की आकडा परत १०००. लोक शांत, आम्हीही जेवायला मोकळे. दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी, पुन्हा तोच प्रकार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडून कणकुंबीला जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास आम्ही वायरलेसवरून इंटरनेट पोचवतो. काही टॉवर हुक्केरी-चिकोडीकडेही आहेत. पश्चिमेच्या ह्या वाड्यांमध्ये मोबाईलची रेंज कधी घराच्या माळ्यावर येते, कधी देवळाच्या कट्ट्यावर. पोरांचे कॉलेजचे अर्ज ह्याच लिंकवर भरले जातात, गोव्याला कामाला गेलेल्या मुलाशी आई ह्याच लिंकवर बोलते. म्हणून "रीबूट करा, होईल" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ह्या एका दुखण्यापायी मी दोन चांगले रेडिओ आणि एक चांगला स्विच बदलला. दोष त्यातल्या कशाचाच नव्हता. दुसऱ्या कुणाचे पैसे आणि टॉवरवरच्या चढाया अशा वाया जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

शंभर हा आकडा काय सांगतो

रेडिओपासून खाली येणाऱ्या इथरनेट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात, नारिंगी आणि हिरवी, म्हणजे कनेक्टरमधल्या १-२ आणि ३-६ नंबरच्या पिना. १००० ला चारही लागतात. खोच अशी की कुठल्या स्पीडवर बोलायचं हे दोन्ही टोकांची उपकरणं आपसात ठरवतात ते नारिंगी-हिरवीवरूनच. निळी किंवा तपकिरी जोडी खराब असली तरी ठरतं हजारच. मग प्रत्यक्ष लिंक उभी राहताना गाडी निळीवर अडते, लिंक तुटते, पुन्हा प्रयत्न होतो. असे काही प्रयत्न फसले की बऱ्याच चिप स्वतःहून शंभरावर उतरतात आणि तिथेच बसून राहतात. लिंक एकदा पूर्ण तुटून नव्याने जोडली जाईपर्यंत त्या हजारावर परतत नाहीत.

म्हणजे हजाराचं शंभर झालं तर पहिला संशय निळ्या आणि तपकिरी जोडीवर घ्यायचा. आणि रीबूटने बरं वाटतं त्याचं कारणही इथेच आहे. लिंक नव्याने जोडली गेली आणि त्या घडीला निळी जोडी बऱ्या अवस्थेत होती, एवढंच घडलेलं असतं. रेडिओला काहीच झालेलं नसतं.

शंभरावर अडकलेल्या पोर्टमधून डेटाचा (टीसीपीचा) खरा वेग साधारण ९४ एमबीपीएस मिळतो. सगळ्या गावाची बेरीज ह्या आकड्याच्या पुढे सरकत नसेल, संध्याकाळचा आलेख वरून करवतीने कापल्यासारखा सपाट दिसत असेल, तर चॅनेल बदलत बसायच्या आधी पोर्टचा आकडा बघा.

पोर्ट १० वर, त्यातही हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच बाजूने बोलणं) दिसलं तर प्रकार वेगळा. तिथे मुळात बोलणीच नीट झालेली नसते. नारिंगी-हिरवीत दोष असतो किंवा कुणीतरी एका बाजूचा स्पीड हाताने बांधून ठेवलेला असतो.

ह्या सगळ्याच्या आधी अर्ध्या मिनिटात होणारी एक तपासणी आहे: अपटाइम. रेडिओ ४० दिवस सलग चालू आहे आणि लिंक मात्र आज सकाळी पडली, तर दोष केबल, कनेक्टर, पोर्ट ह्यांच्यात. अपटाइमच शून्यापासून सुरू झाला असेल तर रेडिओ बंद पडून चालू झालाय, म्हणजे वीज बघायची. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (इथरनेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज द्यायची सोय), ६० मीटर शुद्ध तांब्याच्या २४ गेज केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ५ ओहम भरतो, प्लसला दोन आणि मायनसला दोन तारा धरून. ८ वॉटचा रेडिओ तिथे सुमारे ०.३६ अँपिअर ओढतो, म्हणजे पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च. तीच केबल ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर रोध साधारण दीडपट, आणि खर्च पावणेतीन व्होल्टच्या घरात. करंट जाऊन चार तास झाले, बॅटऱ्या २२ व्होल्टवर आल्या, की वरच्या रेडिओला केबलप्रमाणे एकोणीस ते वीसच मिळतात. काही रेडिओ तिथे तग धरतात, काही ट्रॅफिक वाढताच मान टाकतात. हे दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

तक्रारीची वेळ आणि बिघाडाची वेळ

दोन रेडिओ बदलण्यामागे माझी एकच चूक होती. फोन संध्याकाळी येतात म्हणून बिघाडही संध्याकाळीच होतो असं मी धरून चाललो. संध्याकाळी ट्रॅफिक वाढतं, रेडिओवर ताण येतो, म्हणजे रेडिओ कमजोर, असा तो सरळ हिशेब होता.

लॉग बाहेरच्या मशिनवर साठवायला लागलो तेव्हा कळलं की पोर्ट पडत होतं पहाटे साडेपाच ते सातच्या मध्ये. दिवसभर ते शंभरावरच असायचं. पण दिवसा वाडीतली माणसं शेतात, पोरं शाळेत. राहिलेल्यांना ९४ एमबीपीएस पुरून उरायचं. संध्याकाळी घरं भरायची, टीव्ही लागायचे, आणि पहाटे झालेला बिघाड तेरा-चौदा तासांनी लोकांना जाणवायचा. मी मात्र साडेसातच्या आसपासच कारणं शोधत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे पहिलं काम लॉगचं. बऱ्याच रेडिओंमध्ये लॉग फक्त मेमरीत असतो, रीबूट झाला की गेला. म्हणजे तक्रार आली की रीबूट करायची आमची सवय दर वेळी पुरावाच पुसत होती. रेडिओ आणि खालचा राऊटर दोन्हींचा लॉग रिमोट सिसलॉगला, म्हणजे लॉग साठवणाऱ्या दुसऱ्या मशिनला, पाठवा. जुना, डब्यातला कॉम्प्युटरही ह्याला चालतो. एनटीपी (नेटवरून घड्याळ लावून घ्यायची सोय) चालू करायला विसरू नका. घड्याळ न लावलेली उपकरणं १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात आणि त्या लॉगवरून काही जुळवता येत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरमध्ये इंटरफेसच्या पानावर लिंक किती वेळा पडली त्याचा आकडा असतो, एफसीएस एररचा (वाटेत खराब झालेल्या डेटाचा) आकडाही असतो. रोज एका ठरलेल्या वेळी दोन्ही टिपून ठेवा.

लिंक हजारावर आणायची असेल तर रेडिओ रीबूट न करता खालच्या स्विचचं ते पोर्ट दोन सेकंद बंद करून चालू करा. लॉग शाबूत राहतो. फक्त तुम्ही ज्या लिंकवरून आत शिरला आहात तिचंच पोर्ट बंद करू नका, नाहीतर ते चालू करायला गाडी काढून टॉवरपर्यंत जावं लागेल.

ह्या लॉगच्या जोडीला मी एक साधी वही ठेवली. कागदाची. तारीख, पोर्ट पडल्याची वेळ, हवा. त्यातली काही पानं अशी आहेत: "पहाटे ५:५०, दव खूप, धुकं." "पहाटे ६:१५, रात्रभर झड." "काही नाही, चार दिवस ऊन." "६:०५, दव." एवढ्यावर निदान जवळपास झालं होतं. पाणी. रेडिओवर फुकट गेलेल्या पैशांत अशा वह्या आयुष्यभर पुरल्या असत्या.

वेळ वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. पहाटे पडतं आणि ऊन तापल्यावर रीबूट केलं की टिकतं, तर ओल आहे. भर दुपारी पडतं आणि रात्री बरं असतं, तर उन्हाने प्रसरण पावणारा कनेक्टर किंवा अर्धवट बसलेली पिन. कोरडा वारा सुटला की पडतं, तर स्थिर वीज किंवा हलणारी केबल. पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने पडतं, तर पाणी कुठून तरी आत उतरतंय आणि त्याला पोचायला तेवढा वेळ लागतोय. हवेशी काहीच जुळत नसेल तर माणसांच्या वेळापत्रकाशी जुळतं का बघा, त्याचंही उदाहरण पुढे आहे.

पाणी कसं शिरतं आणि कुठे निघतं

त्या टॉवरवर केबल काळी, बाहेर वापरायचीच होती. रेडिओच्या तोंडाला टेप होती. वर चढलेला पोरगा म्हणाला, "दादा, वर सगळं कोरडं आहे." खरंच होतं. मग मी खालची पेटी उघडली आणि पीओईतून कनेक्टर काढला, तर त्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा थेंब बोटावर आला. पेटी बंद, झाकण घट्ट, गॅस्केट चांगलं, आत एक थेंब नाही. पाणी केबलच्या पोटातून आलं होतं.

वरून साधारण दोन मीटर खाली, जुना केबल टाय ब्लेडने कापताना कुणाच्या तरी हातून केबलच्या सालीला चीर पडली होती. नखाएवढी. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या चिरेतून शिरलेलं पाणी साल आणि तारांच्या मधल्या पोकळीतून वीस मीटर खाली उतरलं आणि जिथे वाट मिळाली तिथे, म्हणजे कनेक्टरमध्ये, निघालं. पाऊस थांबल्यावरही ते आत राहिलं. थंड पहाटे कनेक्टरवर ओल जमायची, ऊन आलं की कमी व्हायची.

कनेक्टर भिंगाखाली धरला. ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर हिरवट भुकटी, बाकीच्या पिना जवळपास स्वच्छ. हे तसंच का, ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईत प्लस ४-५ वर आणि मायनस ७-८ वर असतो. ओल आणि डीसी वीज एकत्र आली की प्लसच्या बाजूचं तांबं विरघळायला लागतं, मुलामा देण्याच्या कारखान्यात होतं तसंच. ४-५ म्हणजे निळी जोडी. हजाराला जी लागते आणि शंभराला जी लागत नाही तीच. म्हणून आमच्याकडे पाणी शिरलं की लिंक मरत नाही, शंभरावर येऊन बसते, आणि सगळ्यांना वाटतं रेडिओचं काहीतरी बिघडलंय.

इथे मोह होतो तो फक्त कनेक्टर कापून नवीन लावण्याचा. मीही आधी एकदा तसंच केलं होतं. तीन आठवडे चाललं. आत पाणी असलेली केबल कोरडी होत नाही. शिवाय बिघाड पिनांपुरता नसतो. तारांभोवतीच्या प्लास्टिकचा विद्युत स्थिरांक सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा ८० च्या आसपास. जोडीभोवती पाणी आलं की १०० ओहमसाठी बनवलेली केबल १०० ओहमची राहत नाही, सिग्नल उलटा परततो आणि क्षीणही होतो. केबल पूर्ण बदलायची. हे काम अर्धवट करून आजवर कुणाचाच फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

नवी केबल ओढताना आता काही गोष्टींवर मी अडून बसतो. रेडिओत केबल खालून वर शिरली पाहिजे आणि शिरायच्या आधी तिला खाली झोळ दिलेला पाहिजे, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. पेटीत शिरतानाही तसंच. पेटीला भोकं पाडायची ती खालच्या अंगाला. रबरी, स्वतःला चिकटणारी टेप खालून वर गुंडाळत जायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो. कौलं घालतो तशी. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदर पाण्याला उघडं तोंड देतो. भोक बुजवायला सिलिकॉन वापरत असाल तर आधी वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं. तसलं कनेक्टरच्या जवळ नको. काही जण खालच्या झोळाच्या तळाशी सालीला मुद्दाम बारीक छेद देतात, आत शिरलेलं पाणी तिथेच निघून जावं म्हणून. मला ते पटत नाही. आमच्या पावसात जिथून पाणी निघतं तिथून ते शिरतंही.

पांढरे नायलॉनचे टाय उन्हात ठिसूळ होऊन तुटतात, मग केबल वाऱ्यावर टॉवरच्या कडेला घासत बसते. काळे, उन्हात टिकणारेच घ्या, हातभर अंतरावर बांधा, आणि जोड्या आत चेपतील इतके आवळू नका. जुने टाय ब्लेडने कापू नका, कटरने कापा. खारी आणि वानरं केबल कुरतडतात, ओढतात, त्यामुळे झाडाच्या फांद्यांच्या टप्प्यातला भाग पाइपात घाला. आणि पेटीत मुंग्यांचं वारूळ सापडलं तर ते फक्त झाडून काढू नका, त्या शिरल्या ते भोक शोधा.

कोरडा वारा, वळीव आणि जांभ्याची जमीन

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस नाही, दव नाही, तरी पोर्ट पडतं, आणि वहीत नोंद "वारा". उघड्यावरच्या धातूच्या मनोऱ्यावर कोरड्या, धुळीच्या वाऱ्याने स्थिर वीज साठते. तिला जमिनीत जायला चांगली वाट नसेल तर ती इथरनेटच्या पोर्टमधून वाट काढते. पोर्ट जळेलच असं नाही, क्षणभर गोंधळतं, लिंक पडते आणि उठताना शंभरावर उठते.

उपाय अर्थिंगचा आहे, आणि आमच्या भागात अर्थिंग सोपं नाही. खानापूरच्या पश्चिमेला जांभा. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थचा रोध बराच वाढतो. पूर्वेच्या काळ्या जमिनीत जो खड्डा पुरतो तो इथे पुरत नाही. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ घाला, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी त्यात ओतायला जागामालकाला सांगून ठेवा. आमच्या एका टॉवरवर मावशी तुळशीला पाणी घालतात तेव्हा एक तांब्या त्या खड्ड्यातही ओततात, आणि तिथली वाऱ्याची नोंद वहीतून कायमची गेली.

केबल शिल्डवाली (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) असेल तर कनेक्टरही धातूचे हवेत आणि आतली उघडी तार त्या धातूला टेकलेली हवी. शिल्डवाल्या केबलला प्लास्टिकचे कनेक्टर लावलेले मी अनेक ठिकाणी बघितलेत. तो शिल्ड कुठेच जोडलेला नसतो आणि रोखायचं तेच गोळा करत बसतो. टॉवरचा अर्थ आणि खालच्या उपकरणांचा अर्थ एकमेकांना जाड तारेने जोडलेले असू द्या. दोन वेगळे अर्थ ठेवले तर त्यांच्यातला फरक केबलच्या शिल्डमधून वाहतो. जवळ एफएमचा प्रक्षेपक असेल तर शिल्डवाली केबल हवीच, कारण एफएमचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) इथरनेटच्या सिग्नलला लागूनच आहे.

एप्रिल-मेच्या वळिवात वीज थेट टॉवरवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी केबलमध्ये झटका येतो. सर्ज प्रोटेक्टर तो झेलतो, पण झेलताना आतून अर्धा जळतो आणि त्यानंतर एका जोडीला ओढून ठेवतो. वळिवानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर आकाश निरभ्र असताना दिवसभर प्रोटेक्टर वगळून लिंक चालवून बघा. टिकली, तर प्रोटेक्टर बदला. तो गिगाबिटचाच आहे ना तेही वाचा. फक्त शंभरासाठी बनवलेला प्रोटेक्टर बसवून रेडिओला दोष देणारे मला भेटलेत.

ऊसपट्ट्यातली पंपाची गोष्ट

चिकोडीकडच्या एका घराच्या गच्चीवर आमचा पोल आहे. तिथे पोर्ट पडायचं, पण वेळ एक नाही. एका आठवड्यात रात्री, पुढच्या आठवड्यात दिवसा. हवेशी काही जुळेना. मी महिनाभर वही बघत बसलो होतो. शेवटी घरमालक काका म्हणाले, "थ्री फेज आलं की तुमचं नेट जातंय. आमच्या पोरग्याला बी कळतंय ते." शेतीपंपांच्या थ्री फेजची पाळी त्या भागात आठवड्याला बदलत होती.

गच्चीवरून खाली येणारी आमची केबल आणि विहिरीवरच्या पंपाची केबल एकाच पाइपातून चाळीस फूट शेजारी-शेजारी गेली होती. ज्याने ओढली त्याला पाइप आयता मिळाला होता. पंप सुरू होताना जो झटका येतो तो आमच्या केबलमध्ये उतरत होता. केबल बाहेर काढली, दीड फूट लांबून नेली, एका ठिकाणी ओलांडायची होती तिथे काटकोनात ओलांडली. त्यानंतर नोंद नाही. काकांना आधी विचारलं असतं तर महिना वाचला असता. आता नवीन ठिकाणी मी घरच्यांना पहिल्यांदा विचारतो, नेट जातं तेव्हा घरात काय चालू असतं?

थोडक्यात सांगण्यासारखी कारणं

दिवे लागणारा स्वस्त टेस्टर फक्त तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते का एवढंच सांगतो. आठही दिवे लागूनही लिंक शंभरावर येऊ शकते. विशेषतः कुणी रंग १-२, ३-४, ५-६, ७-८ असे सरळ लावले असतील तर ३-६ ची जोडी फुटते, टेस्टर "बरोबर" म्हणतो आणि केबल लांब असली की ती रडवते. मायक्रोटिकच्या काही पोर्टांवर केबल टेस्टची सोय आहे, ती कुठल्या जोडीत किती मीटरवर दोष आहे ते सांगते. वर चढायच्या आधी ती चालवा.

तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. क्रिम्पच्या जागी, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतो तिथे, ते वाऱ्याच्या हेलकाव्यांनी मोडतं. टॉवरवर ते चढवूच नका.

स्पीड हाताने बांधू नका. एका बाजूला १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) बांधलं आणि दुसरी ऑटोवर राहिली तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्स धरते. पिंग चांगला दिसतो आणि लोड आला की सगळं कोसळतं. तांब्यावरच्या गिगाबिटला तर ऑटो निगोशिएशन (आपसात स्पीड ठरवणं) लागतंच.

स्विचमध्ये वीज वाचवणारी ग्रीन इथरनेटची सोय असेल तर बंद करा. आणि एखादा स्विच व एखादा रेडिओ यांचं आपसात जमत नाही असंही होतं. मध्ये दुसऱ्या बनावटीचा छोटा गिगाबिट स्विच लावून दोन दिवस बघा.

पावसाळ्यात वर चढता येत नाही तेव्हा

जुलैत आठ-आठ दिवस झड उघडत नाही. ओल्या मनोऱ्यावर, विजा चमकत असताना मी कुणालाही वर पाठवत नाही, गावातून कितीही फोन आले तरी. वर चढणारा पोरगा कुणाच्या तरी घरचा आहे. कोरड्या दिवशीही पूर्ण अंगाचा बेल्ट आणि दोन हुक असल्याशिवाय पाय वर टाकायचा नाही.

तोवर तग धरायला एक उपाय आहे. पोर्टच्या सेटिंगमध्ये ऑटो चालूच ठेवायचं, फक्त जाहीर करायच्या स्पीडच्या यादीतून १००० काढून टाकायचं. मग दोन्ही बाजू सरळ शंभरावर ठरवतात, निळ्या-तपकिरी जोडीवर डेटासाठी अवलंबून राहत नाहीत, आणि लिंक सारखी पडणं थांबतं. संध्याकाळी नेट हळू चालेल, पण अखंड चालेल. लोकांना आधीच तसं सांगा. "दादा, पाऊस उघडल्यावर बघा" असं म्हणणारे पुष्कळ असतात. फक्त पीओई त्याच खराब जोड्यांतून जात असतो, पिना झिजणं चालूच राहतं. उघडीप मिळाली की केबल बदलायची, आणि यादीत १००० परत टाकायला विसरायचं नाही.

आम्ही आता मृगाच्या आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येक टॉवर एकदा चढतो. वर जाताना कापलेले कनेक्टर ठेवायला छोट्या पिशव्या न्यायच्या. कापलेला कनेक्टर वरून खाली टाकून द्यायचा नाही. पिशवीवर टॉवरचं नाव, तारीख, वरचा की खालचा हे लिहून तो खाली आणायचा, उजेडात भिंगाखाली धरायचा, आणि ४-५ नंबरच्या पिना ७-८ च्या शेजारी ठेवून बघायच्या. दोन्हींवर सारखीच चमक असेल तर त्या टॉवरची केबल ह्या पावसाळ्यात टिकेल. ४-५ वर हिरवा डाग नुसता उमटायला लागला असेल, तरी ती केबल त्याच दिवशी बदलायची.